बायजाक्काचा हेल

‘मशीन खाली, भाकरी वर,’ आबा सरनोबत म्हणाले. ‘आणि पिठल्याचं भांडं कडेला ठेव. सांडलं तर वायरीत जाईल.’

खडकेवाडीच्या अलीकडं, ओढ्याच्या उतारावर जीप उभी होती. मी मागच्या बाकावर बुट्टी मांडीवर घेऊन बसले होते. बायका शेतावर भाकरी नेतात तसली वेताची मोठी बुट्टी. तळाला स्टुडिओतला परदेशी, सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर, त्यावर जुनं लुगडं घडी घालून, त्यावर आठ भाकरी, आणि भाकरींच्या कडेनं वर आलेला माईक कांद्याच्या पातीत लपवलेला. भाकरी आबांच्या घरून आल्या होत्या. एका मयताच्या घरी द्यायच्या आहेत, असं त्यांनी वहिनींना सांगितलं होतं. तेवढं खरं होतं.

‘तू कोण?’ आबांनी विचारलं.

‘राजाक्काची मैत्रीण.’

‘कुठली?’

‘शिवणाच्या क्लासातली. तिच्या सासरच्या शेजारच्या गावात मी क्लास घेते. ती यायची.’

‘शाबास. जास्त बोलायचं नाही. आत गेलीस की तिची आई तुझ्या गळ्यात पडणार आणि हेल काढणार. मला तो पाहिजे. तुला रडायचं असलं तर रड, नसलं तर नको.’

आमच्या कोल्हापूरकडच्या खेड्यांतून ही रीत होती, अजूनही कुठंकुठं असेल. घरात कुणी गेलं की पुढचे दहा-बारा दिवस माणसं भेटायला येतात. त्या घरात चूल पेटत नाही, म्हणून येणारी बाई भाकरी घेऊन येते. ती दारात दिसली की दुःखातली बाई उठते, तिच्या गळ्यात पडते आणि सुरात रडायला लागते. गेलेल्या माणसाला हाक मारून, कोण आलंय ते सांगते. नवीन बाई आली की नवीन हेल. पुरुष बाहेर, बायका आत. म्हणूनच आबांना माझी गरज होती. नाहीतर ते स्वतःच गेले असते, त्यांना लाज म्हणून नव्हती.

‘माळावरची सून’ हा त्यांचा स्वतंत्र संगीताचा पहिला चित्रपट. शेवटी सुनेचं प्रेत घरी आणतात, तिथं दोन मिनिटं संवाद नाहीत, नुसतं संगीत. त्या दोन मिनिटांसाठी आबांनी आठ बायकांचा कोरस स्टुडिओत तीन दिवस रडवला. त्या आठांत मी होते. तिसऱ्या दिवशी आबांनी हार्मोनियमचा भाता बंद केला आणि म्हणाले, ‘बायांनो, तुम्ही रडत नाही, हळदीकुंकवाला आल्यासारख्या गाताय. घरी जा.’ मग ढोलकी वाजवणाऱ्या दगडू खोतानं सांगितलं की त्याच्या गावाशेजारी खडकेवाडीला बायजाक्का म्हणून आहे, तिची थोरली लेक राजाक्का सासरी विहिरीत पडून गेली, आज पाचवा दिवस, आणि बायजाक्काचा हेल सबंध शिवारात ऐकू येतो. आबांनी ते ऐकलं आणि त्यांचे डोळे चमकले. लेक गेली हे त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नसावं.

मी तेवीस वर्षांची होते. वडील कचेरीत कारकून. मला नोटेशन लिहिता येत होतं, एकदा ऐकलेली चाल बरोबर कागदावर उतरवता येत होती. आबांनी शब्द दिला होता: हा हेल आणलास तर पडद्यावर तुझं नाव, ‘संगीत साहाय्यक’, कोरसमधल्या सात-आठ नावांत कोंबलेलं नाही, एकटं. मला ते नाव हवं होतं. कुणी जबरदस्ती केली नव्हती, हे आधीच सांगून टाकते.

दाराशी पोचल्यावर मी लुगड्याखाली हात घालून बटण दाबलं. पंधरा मिनिटांचं रीळ होतं.

आत अंधार होता. चार बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि मधे केस सुटलेली, पन्नाशीच्या आतलीच एक बाई. आतल्या दाराच्या चौकटीत सतरा-अठरा वर्षांची मुलगी तान्हं मूल मांडीवर घेऊन बसली होती. मी काही बोलायच्या आत ती मधली बाई उठली आणि माझ्या गळ्यात पडली. बुट्टी माझ्या कमरेवरच होती. तिनं हेल काढला तो माझ्या कानात. तिचा पदर माईकवर घासत होता, पिठल्याचं भांडं मशीनवर वाजत होतं. हा टेक वाया गेला, हे मला लगेच कळलं. एक बाई माझ्या खांद्यावर आपल्या मेलेल्या लेकीला हाका मारत होती आणि माझ्या डोक्यात हे चाललं होतं.

ती शांत झाली. मी बुट्टी खाली ठेवली, तिच्यापासून हातभर अंतरावर, कांद्याची पात तिच्याकडं करून. मग कुणी हात घालायच्या आत भाकरी आणि भांडं माझ्या हातानं काढून शेजारच्या बाईकडं दिलं आणि लुगडं नीट पसरलं.

‘कुटली गं पोरी तू?’ बायजाक्कानं विचारलं.

‘राजाक्काची मैत्रीण. शिवणाच्या क्लासातली.’

‘शिवनाच्या?’ ती माझ्याकडं बघत राहिली. ‘राजी शिवनाला जायाची?’

‘हो. आठवड्यातनं दोनदा.’

आठवड्यातनं दोनदा हे आबांनी शिकवलेलं नव्हतं. ते माझं.

‘सुनंला शिवनाला धाडत्यात म्हंजे मानसं बरी म्हनायची,’ भिंतीशी बसलेली एक म्हातारी म्हणाली. दुसरीनं मान डोलावली. मला अजून काही समजलं नव्हतं.

बायजाक्का पुढं सरकली. तिनं माझे दोन्ही हात धरले. तळवे खरखरीत होते आणि गरम होते.

‘पावनं काल यिऊन गेलं,’ ती म्हणाली. ‘लेकराला आई पायजे म्हंत्यात. ह्या शालनला द्या म्हंत्यात, राजीच्याच दाल्ल्याला. हिचा बा हो म्हनून बसलाय. मीच अडून हाय.’

चौकटीतली मुलगी खाली बघत होती. आता तिनं मान वर केली.

‘तू तितली हाईस,’ बायजाक्का म्हणाली. ‘तुला ठावं असंल. हिरीवर पाय घसरला म्हंत्यात. माझ्या राजीला जाच हुता का गं? खरं सांग. तू सांगशील त्ये मी धरीन.’

मला नुसतं ‘माहीत नाही’ म्हणता आलं असतं. त्यात खोटं काही नव्हतं. ‘क्लासात असलं बोलणं निघत नव्हतं,’ असंही म्हणता आलं असतं. पण रीळ चार-पाच मिनिटांचं उरलं होतं, आणि तिच्या गळ्यात काहीतरी अडून बसलंय, ते एका वाक्यानं मोकळं होईल, हे मला दिसत होतं. कोणत्या वाक्यानं, तेही दिसत होतं. संगीताचा कान म्हणतात तो हाच असावा.

‘सुखात होती हो,’ मी म्हणाले. ‘सासूबाईच पाठवायच्या तिला क्लासला. हसत यायची, हसत जायची.’

आणि बायजाक्कानं हेल काढला.

‘राजे गं माझ्या बाई... मैतरीण आली गं तुझी... पाट टाक की गं तिला बसाय... हसत हुतीस म्हनं गं राजे...’

तो मी सांगून सांगता येणार नाही. दुःख होतंच, पण त्यात सुटल्यासारखंही काही होतं. पाच दिवस जी शंका तिला कुरतडत होती ती मी काढून घेतली होती. चारी बायका रडायला लागल्या. मीही रडले. माझं रडणं खरं होतं, आणि त्याची मला आज जास्त किळस येते. रडता रडता मी बुट्टीवरची पात नीट केली.

शालन रडली नाही. ती मूल घेऊन उठली आणि आत गेली.

जीप बाभळीखाली उभी होती. आबांनी कानाला हेडफोन लावले आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं. ते अश्रू ढोंगी नव्हते, हेच तर आहे. तोंडात पान होतं, ते चघळायचं थांबलं नव्हतं, आणि डोळ्यांतलं पाणी ओठाच्या कोपऱ्यातल्या लाल लाळेत मिसळत होतं. त्यांनी ते बोटानं पुसलं आणि बोट जीपच्या सीटला पुसलं.

‘ऐक,’ ते म्हणाले आणि हेडफोन काढून आवाज मोठा केला. ‘धैवतावरनं कशी घसरतेय बघ. थेट रिषभापर्यंत. मधे थांबत नाही कुठं. हे कुणी शिकवेल का? लिहून घे, लिहून घे आत्ताच.’

मी पर्समधून पेन्सिल काढली आणि लिहून घेतलं. ‘पाट टाक की गं’वर गंधार किंचित चढा होता, त्याची खूण केली.

आबांनी रीळ मागं फिरवलं आणि पुन्हा सुरुवातीपासून लावलं. या वेळी हेलाच्या आधीचं बोलणंही वाजलं. बायजाक्काचा प्रश्न, मग माझा आवाज. सुखात होती हो. माझा आवाज इतका गोड होता की मला तो ओळखू येईना.

‘इथनं कापू,’ आबा म्हणाले.

‘आबा, त्या धाकट्या मुलीला तिथं देणार आहेत. त्याच घरात.’

‘मग?’

‘मी सांगितलं म्हणून देतील.’

‘आगं, त्यांच्या घरातलं त्यांना कळत नाही होय? लोक असं एका बाईच्या सांगण्यावरनं पोरी देत नाहीत.’

‘त्या म्हणाल्या, तू सांगशील ते धरीन.’

‘तुला ठाऊक आहे का तिथं जाच होता म्हणून?’

‘नाही.’

‘मग तू खोटं कुठं बोललीस? असेलही सुखात. आपण चांगलं बोललो. आईच्या जिवाला थंडावा.’

‘मी परत जाऊन सांगते. दहा मिनिटांची वाट आहे.’

आबांनी जीपच्या दारावर हात ठेवला. आवाज चढवला नाही. ते कधीच चढवत नसत. ‘जा की,’ ते म्हणाले. ‘काय सांगशील? मैत्रीण नव्हते म्हणून? मग कोण होतीस, कशाला आली होतीस, बुट्टीत काय होतं? सगळं सांगावं लागेल. वाडीतली माणसं हे मशीन दगडानं फोडतील आणि त्यांचं बरोबरच असेल. जा. मी अडवत नाही.’

मी गेले नाही. आबांनी ड्रायव्हरला खूण केली. ओढा ओलांडून डांबरी सडकेला लागल्यावर त्यांनी एका टपरीवर भजी मागवली आणि माझ्यापुढं कागद धरला. मी भजी खाल्ली. भूक लागली होती.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ‘माळावरची सून’ कोल्हापुरात पंचवीस आठवडे चालला. शेवटच्या दोन मिनिटांत आबांनी हेलाच्या मागं एक तंबोरा तेवढा ठेवला होता, बाकी काही नाही. बायका पदरात तोंड घालून थिएटरबाहेर यायच्या. शब्द आबांनी जवळजवळ पुसून टाकले होते, फक्त ‘मैतरीण आली’ एवढं अस्पष्ट ऐकू यायचं. पुण्याच्या एका समीक्षकानं त्यावर अडीच रकाने लिहिले: मृत्यूला मैत्रीण म्हणणारी ही प्रतिभा मराठी मातीतच उगवू शकते, वगैरे. आबांनी ते कात्रण चौकटीत घालून भिंतीवर लावलं. दुसऱ्या चित्रपटात तोच हेल त्यांनी सनईवर घेतला, तिसऱ्यात बासरीवर. दोन्हींचं नोटेशन माझं. तिन्ही चित्रपटांत पडद्यावर माझं नाव आहे, एकटं. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी आईचा हात घट्ट दाबला होता. मला आनंद झाला होता. तो झाला नाही असं म्हणण्याइतकी मी अजून निर्लज्ज झालेले नाही.

त्या तीन चित्रपटांवर आज पन्नास वर्षं लोक जगताहेत. मालिकेत कुणी मेलं की तोच धैवतावरून घसरणारा ‘आ’. कुत्रं मेलं तरी तोच. कीबोर्डवर म्हणे त्याचं बटणच असतं. संगीताच्या अभ्यासक्रमात ‘सरनोबत आलाप’ म्हणून तो शिकवतात आणि मुली नाकात चमकी घालून तो स्पर्धेत म्हणतात, परीक्षक डोळे पुसतात. गेल्या वर्षी एक दाढीवाला मुलगा कॅमेरा घेऊन माझ्याकडं आला. आबांच्या सुरुवातीच्या कामावर माहितीपट करत होता. ‘आजी,’ तो म्हणाला, ‘तो आलाप ऐकला की माझ्या अंगावर काटा येतो. तुम्हाला काय होतं?’

‘मला ओकारी येते,’ मी म्हटलं.

तो हसला. जुन्या माणसांचा विनय, असं काहीसं म्हणाला. मग मी त्याला चहा दिला आणि बाकी काही सांगितलं नाही.

चौथ्या चित्रपटाच्या वेळची गोष्ट. खडकेवाडीला जाऊन पावणेदोन वर्षं झाली होती. तालीम संपल्यावर आबांनी मला थांबवून घेतलं. निर्माता नवा होता, त्यालाही ‘तसलंच काहीतरी’ हवं होतं.

‘तोच हेल किती दळायचा?’ आबा म्हणाले. ‘नवा पाहिजे. दगडू सांगत होता, त्या बाईची धाकटी पोरगी माहेरी परत आलीय. हात भाजलाय म्हणे. नवऱ्यानं का सासूनं, कुणास ठाऊक. बाई आतून हललेली असणार. तू जा. तुला ओळखते ती. तू दिसलीस की थोरलीची आठवण निघेल, धाकटीचं दुःख निघेल. दोन्ही एकदम निघालं तर बघ काय होईल ते.’

हे बोलताना ते पान लावत होते. चुना हलक्या हातानं, शिरा चुकवून. मी त्या हाताकडं बघत राहिले. मी बाहेर जाऊन नळावर चूळ भरली. परत आत गेले नाही. आबांच्या चौथ्या चित्रपटात माझं नाव नाही ते त्यामुळं. लोकांना वाटतं, माझं लग्न ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं खडकेवाडीला गेले. हातात पर्सही घेतली नव्हती, भाड्याचे पैसे रुमालात बांधले होते.

शालन दारातच होती. डाव्या हाताला कोपरापर्यंत फडकं गुंडाळलं होतं, उजव्या हातानं ती अंगण झाडत होती. मला बघून थांबली.

‘आलासा,’ ती म्हणाली. आश्चर्य नव्हतं तिच्या आवाजात.

‘हाताला काय झालं?’

‘चुलीत गेला.’ खराटा तिनं भिंतीला लावला. ‘गेला म्हंजे घातला. सासूनं धरलं, त्यानं दाबला.’

मी पुढं झाले. ती मागं सरकली.

‘अक्का शिवनाला जात न्हवती,’ शालन म्हणाली. ‘तिचा एक डोळा अधू हुता. तिला सुईत दोरा ववता येत न्हवता. तुमी बोललासा तवाच मला कळलं.’

‘मग तेव्हा तू...’

‘बोलले की. तुमी गेल्यावर लगीच बोलले. अक्कानं पंचमीला पाठ दावलीती मला, वळ हुतं. आईला सांगू नको म्हनाली हुती, तरी सांगितलं. आई म्हनली, तुला लेकरू सांभाळायचा कटाळा, म्हून बोलतीस. डोळ्याचं काडलं तर म्हनली, दोरा ही बाईच ववून देत आसंल. म्हनली, शिकल्याली बाई, वळख ना पाळख, भाकरी घिऊन आली, ती खोटं कशापायी बोलंल?’

घरातून भांड्याचा आवाज आला. शालननं तिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

‘आताबी त्येच. उद्या न्यायला येनार हाईत. आई धाडनार. राजी नांदली, हसत नांदली, तुलाच नांदाय येत न्हाई, म्हंती. रोज म्हंती.’ ती सरळ माझ्याकडं बघत होती. ‘मला कायबी नको तुमच्याकडनं. आत चला आनि सांगा.’

‘त्यासाठीच आले,’ मी म्हणाले. त्यासाठीच आले होते की नुसती तोंड दाखवून परत जाणार होते, हे मला अजून नक्की ठरवता येत नाही.

बायजाक्का चुलीपुढं होती. मला बघितल्यावर तिचा चेहरा असा फुलला की मी दारातच थबकले. पावणेदोन वर्षांत ती पुष्कळ म्हातारी झाली होती. तिनं पोतं अंथरलं, गुळाचा खडा आणि पाणी पुढं केलं. राजाक्काचं पोर आता चालत होतं, ते माझ्या पदराशी खेळायला लागलं.

‘राजीची मैतरीण ही,’ बायजाक्का त्याला म्हणाली. ‘तुज्या आयची. बघून घे.’ मग माझ्याजवळ बसली. ‘लई दीस वाट बघितली बग तुजी. येशील येशील म्हनत हुते. एक इचारायचं हुतं.’

‘विचारा.’

‘राजीनं शिवल्यालं काय हाय का गं तुज्याकडं? झबलं, टोपडं, कायबी. चिंदी असली तरी चालंल. टाका घातल्याली. पोराला ठिवीन म्हनते.’

मी उत्तर शोधलं, हेही सांगते. क्लास बंद पडला, सामान हलवलं, उंदरांनी खाल्लं. सगळं एका क्षणात डोक्यात तयार झालं, मागच्यासारखंच. शालन दारात उभी होती. मी गुळाचा खडा परत वाटीत ठेवला.

‘नाही,’ मी म्हणाले. ‘राजाक्का शिवणाला येत नव्हती. माझा क्लासच नाही. मी तिला कधी पाहिलंसुद्धा नाही.’

बायजाक्काला ते कळलंच नाही. ती तशीच हसऱ्या चेहऱ्यानं बघत राहिली. मग मी सगळं सांगितलं. सिनेमा, मशीन, बुट्टी, भाकरींखाली काय होतं ते. मला दोनदा सांगावं लागलं, कारण मशीनमध्ये रडणं कसं राहतं हे तिला समजेना. समजलं तेव्हा तिनं पोराला माझ्या पदराजवळून ओढून घेतलं.

‘मागल्या जत्रंत तंबूत सिनेमा आलाता,’ ती हळूहळू म्हणाली. ‘बाया बघून आल्या. म्हनल्या, बायजाक्का, तुज्यावानी रडतीया कोन तरी त्यात. मी म्हनलं, आसंल कोन तरी माज्यासारकी.’

तिनं चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं.

‘कितीजन ऐकत्यात त्ये?’

‘पुष्कळ.’

‘आनि जाच?’ तिनं विचारलं. ‘त्येबी ठावं न्हवतं तुला?’

‘नाही. मला काहीच माहीत नव्हतं. शालनला माहीत होतं. तिनं तुम्हाला सांगितलं होतं.’

बायजाक्कानं दाराकडं बघितलं. शालननं भाजलेला हात पाठीमागं घेतला होता. ‘हिकडं ये,’ आई म्हणाली. शालन आली. बायजाक्कानं तिचा हात मांडीवर घेतला, फडकं सोडलं आणि तो नुसता बघत राहिली. तो हात आठ दिवस त्या घरात होता, पण तिनं तो त्या दिवशी पहिल्यांदा बघितला असावा.

‘उद्या त्ये आलं तर अंगनातनंच लावून देते,’ ती शालनला म्हणाली. ‘मी बोलते. तू भाईर येऊ नगंस.’

शालन मान खाली घालून आत गेली. मी उठले. ‘मला माफ करा’ म्हणायची हिंमत नव्हती आणि ते म्हणायला तोंडही नव्हतं. आता ही बाई मला शिव्या घालेल, किंवा ऊर फोडून हेल काढेल, असं मला वाटत होतं. तिनं दोन्ही केलं नाही. पोराला मांडीवर घेऊन ती चुलीतल्या राखेकडं बघत होती, आणि बोलली ती माझ्याशी नसून दुसऱ्याच कुणाशी बोलल्यासारखी.

‘मला वाटायचं, त्या गावात माज्या राजीला एक तरी हाय. जीव मोकळा कराय एक तरी हाय.’

मी दारात उभी होते.

‘कुनीच न्हवतं म्हन की,’ बायजाक्का म्हणाली.

‘नाही,’ मी म्हणाले. ‘कुणीच नव्हतं.’